गर्भाशयाच्या दुखण्यासाठी विकला जाणारा तीन महिन्यांचा आहार-कार्यक्रम : खोक्यात काय होते आणि गुण कशाने आला

मला ॲडिनोमायोसिस असल्याचे आणि त्याच्या जोडीला डाव्या अंडाशयावर चॉकलेट सिस्ट असल्याचे निदान २०२१ मध्ये झाले. त्याआधीची जवळजवळ अकरा वर्षे ‘पाळीत सगळ्यांचेच दुखते’ या एका वाक्यावर निघाली होती. गेल्या वर्षीपासून डॉक्टरांनी डायनोजेस्ट या हार्मोनच्या औषधाची रोज एक गोळी सुरू केली. त्यामुळे चौथ्या महिन्यात पाळी थांबली आणि गुठळ्या पडणे बंद झाले, मात्र ओटीपोटातली मंद ओढ, कमरेतून मांडीत उतरणारी कळ आणि संध्याकाळपर्यंत पोट ढोलासारखे फुगणे हे चालूच राहिले. अशा अवस्थेत मोबाइलवर ‘गर्भाशयाच्या वेदनांपासून ९० दिवसांत मुक्ती’ अशी जाहिरात वारंवार दिसू लागली, तर माणूस किती दिवस धीर धरणार? १४,४०० रुपये भरून मी तो तीन महिन्यांचा कार्यक्रम घेतला. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण याच पाच वस्तू वेगवेगळ्या वेष्टनांत विकणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत आणि माझे म्हणणे त्या सगळ्यांनाच लागू पडेल.

पैशांच्या मोबदल्यात आहारतज्ज्ञाशी महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉल, एक छापील आहार-तक्ता आणि दर महिन्याला कुरिअरने येणारे एक खोके मिळते. खोक्यात मॅग्नेशियमच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, हळदीच्या कॅप्सूल, ‘हार्मोन संतुलन’ नावाची पूड आणि बियांची दोन पाकिटे असतात. वेष्टन सुंदर आहे, डब्या काचेच्या आहेत आणि सोबत हाताने लिहिल्यासारखी छापलेली चिठ्ठीही असते.

वस्तूंकडे वळण्याआधी दुखणे कशाने होते ते थोडक्यात सांगते, कारण परीक्षण त्याच मापाने करायचे आहे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाच्या स्नायूतच वाढले तर ते ॲडिनोमायोसिस आणि गर्भाशयाबाहेर अंडाशयावर, आतड्यांवर किंवा पोटाच्या अस्तरावर वाढले तर एंडोमेट्रिओसिस; चॉकलेट सिस्ट ही त्यातलीच, अंडाशयावरची गाठ. कळा येण्यामागे प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांचा मोठा हात असतो. शरीर ती मुख्यतः ओमेगा-६ गटातल्या एका स्निग्धाम्लापासून बनवते, आणि मेफेनॅमिक ॲसिडसारख्या वेदनाशामक गोळ्या नेमके हे बनणेच अडवतात. आहारातले ओमेगा-३ वाढवले तर त्या स्निग्धाम्लाला स्पर्धक मिळेल आणि कळा सौम्य होतील, असा पूरकांमागचा तर्क आहे. तर्क चुकीचा नाही. परंतु युरोपातल्या वंध्यत्व व प्रजननविषयक तज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे ‘एश्रे’ने, २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहारासह कोणत्याही विशिष्ट औषधेतर उपायाची शिफारस करता येत नाही, कारण त्यांचे फायदे-तोटे अद्याप स्पष्ट नाहीत, असे म्हटले आहे. जाहिरातीतले ‘९० दिवस’ कुठून आले, हे मी पहिल्याच कॉलवर विचारले होते. उत्तर मिळाले, “आमच्या ग्राहकांचा अनुभव आहे, मॅडम.”

माशाच्या तेलाच्या डबीवर पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘१००० मिलिग्रॅम’ लिहिलेले आहे. रात्री जेवणाच्या टेबलावर मोबाइलचा टॉर्च लावून मी मागची बारीक अक्षरे वाचली, तेव्हा उपयोगाची दोन द्रव्ये, ईपीए आणि डीएचए, अनुक्रमे १८० आणि १२० मिलिग्रॅम, म्हणजे दोन्ही मिळून ३०० मिलिग्रॅम असल्याचे दिसले. उरलेले ७०० मिलिग्रॅम साधे तेल आहे. ही लबाडी आहे असे मी म्हणणार नाही, कारण बाजारातल्या बहुतेक स्वस्त कॅप्सूलींचे प्रमाण हेच असते. पण दामदुप्पट किंमत लावून तीच कॅप्सूल देणाऱ्याने निदान पुढच्या बाजूला खरा आकडा लिहावा, एवढी अपेक्षा गैर नाही. अमेरिकेत एंडोमेट्रिओसिस असलेल्या किशोरवयीन आणि तरुण मुलींवर झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत माशाच्या तेलाने औषधविरहित गोळीपेक्षा अधिक आराम दिला नाही. त्याच चाचणीत व्हिटॅमिन डी घेणाऱ्या मुलींचे दुखणे कमी झाले खरे, पण बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांचेही तितकेच कमी झाले.

याउलट, ताटातल्या माशाविषयी थोडे आशादायक सांगता येते. सत्तर हजारांहून अधिक अमेरिकी परिचारिकांच्या आहाराचा बारा वर्षे मागोवा घेणाऱ्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्वाधिक ओमेगा-३ खाणाऱ्यांमध्ये एंडोमेट्रिओसिसचे निदान २२ टक्क्यांनी कमी आणि सर्वाधिक ट्रान्स फॅट खाणाऱ्यांमध्ये ४८ टक्क्यांनी जास्त आढळले होते. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे आणि तो आजार होण्याविषयी बोलतो, झालेला आजार बरा होण्याविषयी नाही. तरीही आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली आणि वनस्पती तुपातल्या खारी-बिस्किटांना रजा, एवढा बदल करायला मला हरकत दिसली नाही. भारतात तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली असली, तरी तेच तेल पुन्हापुन्हा तापवणाऱ्या वडापावच्या कढईपर्यंत ती पोहोचली आहे असे समजण्याचे कारण नाही. शाकाहारी मैत्रिणींसाठी जवसाची चटणी चांगलीच आहे, फक्त जवसातले ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचे असते आणि शरीर त्याचा अगदी थोडा भाग ईपीए-डीएचएमध्ये बदलू शकते, हे ध्यानात ठेवावे.

मॅग्नेशियमच्या डबीतही आकड्यांचा असाच खेळ आहे. ‘मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मिलिग्रॅम’ असे वाचून पुष्कळ वाटते, पण ग्लायसिनेटमध्ये प्रत्यक्ष मॅग्नेशियम सुमारे चौदा टक्केच असते, आणि मागे ‘एक मात्रा म्हणजे दोन गोळ्या’ अशी तळटीप होती. त्यातही घटकांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर मॅग्नेशियम ऑक्साइड निघाले. हा प्रकार स्वस्त असतो, कमी शोषला जातो आणि पोट ढिले करतो. पहिल्या आठवड्यात मला रोज दोन-तीन वेळा शौचाला जावे लागले. बद्धकोष्ठता असलेल्या बाईला हाच गुण वाटेल आणि तसे असेल तर तिने जरूर घ्यावे; मात्र मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. कळांच्या बाबतीत मला काडीचाही फरक जाणवला नाही.

हळदीच्या कॅप्सूलीविषयी थोडे कडक लिहिणे भाग आहे. हळदीतले कर्क्युमिन आतड्यातून फारसे शोषले जात नाही, म्हणून त्यात मिरीचा अर्क घालतात, ज्याने शोषण कित्येक पटींनी वाढते. हीच या कॅप्सूलची ताकद आणि हाच तिचा धोका आहे, कारण अशी पूरके घेतलेल्या काही लोकांच्या यकृताला सूज आल्याचे इटलीत २०१९ मध्ये आणि पुढे इतर देशांतही नोंदवले गेले. आमटीतल्या चिमूटभर हळदीशी याचा संबंध लावून घाबरण्याचे कारण नाही. पण मिरीचा अर्क हळदीबरोबर काही औषधांचेही शोषण बदलू शकतो, आणि तीन महिन्यांत एकाही कॉलवर मला ‘तुम्ही सध्या कोणती औषधे घेता?’ असा प्रश्न आला नाही. माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी डबी पाहिली आणि ती थेट बाजूला ठेवायला सांगितली.

‘हार्मोन संतुलन’ पुडीत शतावरी, अश्वगंधा, लोध्र आणि आणखी सहा वनस्पती असल्याचे लिहिले आहे, पण कोणती किती ते लिहिलेले नाही. नऊ नावांपुढे मिळून एकच आकडा. डबीच्या तळाशी ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी ओळ आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार अशा पूरकांवर ती छापावीच लागते. जाहिरात दुखण्यापासून मुक्ती देते आणि तीच डबी खालच्या बाजूला हात वर करते, ही विसंगती ग्राहकाने स्वतःच शोधायची असते. चव कडवट-तुरट, कोमट पाण्यात गाठी होतात.

बियांच्या पाकिटांची कथा मात्र सविस्तर सांगितलीच पाहिजे. पाळीच्या पहिल्या दिवसापासून चौदा दिवस जवस आणि भोपळ्याच्या बिया, नंतरचे चौदा दिवस तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया, अशी ती पद्धत आहे. दुसऱ्या कॉलवर मी पलीकडच्या आहारतज्ज्ञ मुलीला सांगितले, “मला पाळी येतच नाही, डायनोजेस्टने ती थांबवलेली आहे.” पलीकडे काही क्षण शांतता, मग कीबोर्डची टकटक आणि मग उत्तर, “मग तुम्ही अमावास्येपासून सुरू करा ना, मॅडम.” शेजारी मेथी निवडत बसलेल्या माझ्या आईने मान वर केली आणि म्हणाली, “अमावास्या सांगायचे एवढे पैसे? कॅलेंडर भिंतीवर आहे की आपल्याकडे!” तीळ आणि जवस खाण्यात वाईट काहीच नाही, आपल्याकडे त्यांच्या चटण्या पिढ्यान् पिढ्या होत आल्या आहेत. पण जिच्या अंडाशयाचे मासिक चक्रच औषधाने थांबवले आहे, त्या बाईला चक्राप्रमाणे बिया वाटून देणाऱ्याने समोरच्या रुग्णाचा कागद वाचलेला नाही, हे उघड आहे.

आहार-तक्त्यात गहू, दूध, साखर, लाल मांस आणि चहा-कॉफी हे सगळे पहिल्याच दिवशी बंद होते. त्यांच्या जागी किन्वा, बदामाचे दूध आणि कंपनीचेच ग्लुटेनमुक्त पीठ. ग्लुटेन बंद केल्याने दुखणे कमी झाल्याचा इटलीतला २०१२ चा एक अभ्यास वारंवार पुढे केला जातो. त्यात २०७ स्त्रियांपैकी तीन-चतुर्थांश स्त्रियांना वर्षभरात आराम पडला होता, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हताच. ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी अवश्य पाहावे. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ ही मुळातच ग्लुटेन नसलेली धान्ये आपल्या डब्यात असताना त्यासाठी चौपट किमतीचे पीठ कशाला? दूध बंद करण्याचा सल्ला मला अधिक खटकला, कारण डायनोजेस्टवर असताना हाडांच्या घनतेकडे लक्ष ठेवावे लागते आणि दूध-दह्याने एंडोमेट्रिओसिस वाढतो असा भक्कम पुरावा नाही. दूध पचतच नसेल तर नाचणी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तक्त्यात तिचे नाव एकदाही आलेले नव्हते.

आता सगळ्यांत मोठी उणीव. वर्षानुवर्षे अंगावरून जास्त जात असलेल्या बाईला सर्वप्रथम लोहाची चाचणी सांगायला हवी, आणि या कार्यक्रमात लोह हा शब्दच नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. त्यात भर म्हणून जिच्या पाळीत गुठळ्या जातात तिची काय गत असेल? मी पुढे फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घेतला तेव्हा तो ९, म्हणजे फारच कमी आला. जिना चढताना लागणारी धाप, केस गळणे, दुपारी डोळे मिटून येणे, हे सगळे मी ‘आजाराचाच भाग’ म्हणून चालवून घेत होते.

हे फेरिटिन तपासायला सांगितले ते एका रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी. पहिला महिना संपताना, पैसे वाया गेल्याची खात्री पटल्यावर, मी त्यांच्याकडे गेले. ७०० रुपये, चाळीस मिनिटे आणि खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी सोनोग्राफीचा अहवाल व औषधांची चिठ्ठी मागितली. लोहाची गोळी जेवणानंतर न घेता मधल्या वेळी लिंबूपाण्याबरोबर, चहापासून किमान तासभर लांब, आणि थायरॉइडची गोळी असेल तर तिच्यापासून चार तास दूर, असे त्यांनी कागदावर लिहून दिले. गोळीची पट्टी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळते आणि महिन्याचा खर्च दोनशेच्या आत राहतो. चाचणी न करता लोह सुरू करू नये, हेही त्यांनी बजावले, कारण थॅलेसेमिया मायनर हा रक्तातला आनुवंशिक दोष असलेल्यांचे हिमोग्लोबिन कमी असले तरी शरीरात लोह कमी असेलच असे नाही.

पोट फुगण्यावर त्यांनी जे केले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. आतड्यात आंबून वायू करणारी काही कर्बोदके चार आठवडे कमी करायची आणि मग एकेक पदार्थ परत आणून कोणता बाधतो ते पाहायचे, ही पद्धत मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झाली. न्यूझीलंडमधल्या रुग्णांच्या २०१७ च्या अभ्यासात, आतड्याचा त्रास आणि एंडोमेट्रिओसिस असे दोन्ही असलेल्या ७२ टक्के स्त्रियांची पोटाची लक्षणे या आहाराने निम्म्याहून अधिक कमी झाली होती, तर फक्त आतड्याचा त्रास असलेल्यांमध्ये हे प्रमाण ४९ टक्के होते. गाठी याने विरघळत नाहीत, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितले. मात्र ओटीपोटात गर्भाशय आणि आतडी शेजारी-शेजारी नांदतात आणि फुगलेले आतडे आधीच हळव्या झालेल्या भागावर दाब देते, तो दाब कमी करता येतो.

मराठी स्वयंपाकघरात याचा अर्थ मुख्यतः कांदा, लसूण, गहू, राजमा आणि छोले थांबवणे. आईला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग चातुर्मासच म्हण की, त्यात काय एवढे!” आणि खरोखरच ते तितके अवघड गेले नाही. लसणाच्या पाकळ्या तेलात तांबूस करून काढून टाकायच्या आणि त्याच तेलात फोडणी द्यायची, ही युक्ती बाईंनी दिली. बाधणारे कर्बोदक तेलात उतरत नाही, वास मात्र उतरतो. कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग चालतो. हिंग चालतो, पण बाजारातल्या बहुतेक बांधानी हिंगात गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ असते, म्हणून डबीवरचे घटक पाहून तांदळाचा घ्यायचा. आठवडाभरात ज्वारीची भाकरी, मुगाच्या डाळीचे पातळ वरण, दुधी, पडवळ, वांगे असे ताट बसले. मी वहीत रोज रात्री दहापैकी आकडे लिहीत होते. पोट फुगणे सातवरून तीनवर आले, ओटीपोटाची ओढ पाचवरून साडेतीन-चारवर. परत आणण्याच्या टप्प्यात कळले की थोडा लसूण मला चालतो, कच्चा कांदा आणि तीन पोळ्यांपुढचा गहू मात्र हमखास नडतो. चार आठवड्यांपुढे सगळे बंद ठेवायचे नसते. मी कांदेनवमीची वाट पाहिली नाही.

स्वस्त पर्यायांत दोन गोष्टी नोंदवण्यासारख्या आहेत. व्हिटॅमिन बी-१ ची १०० मिलिग्रॅमची गोळी रोज, ९० दिवस, अशी चाचणी भारतातच ५५६ मुलींवर झाली होती आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेले तिचे निष्कर्ष फार चांगले होते. परंतु ती गाठ वगैरे काही नसताना होणाऱ्या साध्या पाळीच्या दुखण्यावर होती. वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यातही बी-१, सुंठ-आले, मेथी, जस्त यांच्या बाजूने काही पुरावा असल्याचे, पण तो कमी दर्जाचा असल्याचे म्हटले आहे. माझ्या पाळी चालू असलेल्या धाकट्या बहिणीला पहिले तीन दिवस सुंठीचा उपयोग होतो. मला ती आवडते, इतकेच. ‘वेदनाशामक गोळ्यांपासून कायमची सुटका’ हा कार्यक्रमाचा दावा मात्र मी गांभीर्याने घेऊ नका असे सांगेन. मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित तीव्र ॲलर्जी होऊ शकते, असा इशारा भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला होता. म्हणून अंगावर पुरळ, ताप आला तर गोळी थांबवून डॉक्टर गाठावा. ऐन कळांत गोळी न घेता दात-ओठ आवळून बसण्यात कोणताही पुरुषार्थ नाही, आणि स्त्रीत्व तर त्याहून नाही.

पाच ताऱ्यांत मोजायचे तर वेष्टनाला चार, वस्तूंना दीड, सल्ल्याला एक. कॉलवरची मुलगी गोड बोलते, तिच्यावर माझा राग नाही. तिच्या हातात कंपनीने एकच तक्ता दिला आहे आणि तो ती सगळ्यांना वाचून दाखवते. ज्यांना आधीच रक्ततपासणी, नियमित डॉक्टर आणि नीट जेवण आहे, त्यांना या खोक्याने अपायही फारसा होणार नाही, हळद सोडून. पण १४,४०० रुपयांत सोनोग्राफी, फेरिटिन, डी आणि थायरॉइडच्या चाचण्या, आहारतज्ज्ञाच्या चार भेटी आणि वर्षभराचे बांगडे, एवढे सगळे बसते.

तिसरे खोके मी न उघडता परत पाठवले. कुरिअरचे १८० रुपये मलाच भरावे लागले. बारा दिवसांनी उत्तर आले. पैसे परत मिळाले नाहीत, पुढच्या खरेदीवर वापरायचे कूपन मिळाले, आणि त्याची मुदत ९० दिवसांची आहे.